गुटी, दाब कलम आणि मुनवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस स्थिरावला की कलमांचे प्रश्न सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. गुटी बांधून दोन महिने झाले आणि मूळच दिसत नसेल, तर थेट प्रश्न ७ वाचा. पहिल्यांदाच बांधणार असाल, तर प्रश्न ४ आणि ९ वाचल्याशिवाय चाकू हातात घेऊ नका.

१. गुटी कलम, दाब कलम आणि छाट कलम यांत नेमका फरक काय?

छाट कलमात फांदी आधी तोडतात आणि मग तिला मूळ फुटण्याची वाट पाहतात. मूळ येईपर्यंत ती स्वतःच्या साठ्यावर जगते. दाब कलम आणि गुटी यांत क्रम उलटा असतो. फांदी झाडावर असतानाच तिला मुळे आणायची आणि मगच तोडायची. तोवर तिला पाणी मूळ झाडाकडून मिळत राहते. म्हणूनच छाटाने न लागणारी कित्येक झाडे गुटीने लागतात.

फांदी लवचीक आणि जमिनीजवळ असेल तर ती वाकवून मातीत दाबतात, हे दाब कलम. ती उंच किंवा ताठ असेल तर ओले शेवाळ फांदीवरच नेऊन बांधतात, ही गुटी.

२. बी पेरलं की रोप येतंच. मग एवढा खटाटोप कशाला?

पेरू, डाळिंबाच्या बियांपासून आलेले झाड आईसारखेच निघेल याची खात्री नसते. फळ लहान, बिया टणक, चव वेगळी, असे काहीही होऊ शकते आणि ते कळायला तीन-चार वर्षे जातात. कलमाचे रोप म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. सरदार, म्हणजे लखनौ-४९, हा पेरू पुण्याच्या गणेशखिंड बागेत एका रोपातून निवडला गेला. आज त्याची जी कलमे लागतात, ती त्याच एका झाडाचा विस्तार आहेत.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. आईच्या गुणांसोबत आईचे रोगही कलमात येतात (प्रश्न १२ आणि २०).

३. कोणत्या झाडाला कोणती पद्धत वापरू?

गुटीने उत्तम लागणारी झाडे: डाळिंब, पेरू, लिची, कागदी लिंबू, रबर प्लांट, क्रोटन, जास्वंद. बोगनवेलीच्या ज्या जाती छाटाने रुसतात, त्याही गुटीला दाद देतात. चिकूची गुटी होते, पण चार-पाच महिने लागतात आणि यश कमी मिळते. त्यामुळे चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर, म्हणजे खिरणीच्या मुळे असलेल्या रोपावर, बांधलेलेच घ्यावे.

दाब कलम मोगरा, जाई, जुई, कुंद आणि बहुतेक वेलींसाठी सोपे. अंजीर, शेवगा, द्राक्ष, गुलाबाचे खुंट, तुती आणि साधी बोगनवेल छाटानेच लागतात, त्यांना गुटी बांधण्यात वेळ घालवू नये. अंजिराचे छाट बागेच्या छाटणीतून मिळतात. २० ते २५ सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे घ्यावेत. कापल्यावर निघणारा चीक सुकू द्यावा आणि मग लावावेत.

केळी, हळद, आले, अळू, निशिगंध, शेवंती, स्ट्रॉबेरी आणि गवती चहा ही पिके स्वतःच वाढत जातात. तिथे आपले काम फक्त नीट वेगळे करण्याचे आणि चांगले निवडण्याचे. शेवंतीच्या बुडाशी फुटणाऱ्या काश्या मुळांसकट काढून लावल्या की झाले.

४. गुटी कशी बांधायची? पायरीपायरीने सांगा.

फांदी आदल्या वर्षी वाढलेली, उन्हातली, सरळ आणि पेन्सिल ते करंगळीएवढी जाड असावी. हिरवी लुसलुशीत फांदी कुजते, खूप जुनी फांदी मूळ धरायला उशीर लावते. झाडाच्या आतल्या सावलीतले काटकुळे फुटवे घेऊ नयेत.

शेंड्यापासून ४५ ते ६० सेंटिमीटर खाली जागा निवडा. तिथली पाने आणि काटे साधारण वीतभर भागातून काढून टाका. पेराच्या लगेच खाली धारदार चाकूने गोल काप घ्या. त्याखाली अडीच ते तीन सेंटिमीटरवर दुसरा काप घ्या. दोन्ही कापांना जोडणारा एक उभा काप देऊन मधली साल अंगठीसारखी अलगद सोडवा.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. साल निघाल्यावर लाकडावर एक ओलसर, बुळबुळीत थर राहतो. तो चाकूची पाठ किंवा कोरडे फडके घेऊन पुसून, खरवडून काढा. लाकूड बोटाला खरखरीत लागले पाहिजे. मात्र लाकडात चाकू रुतवू नका, नाहीतर वाऱ्याने फांदी तिथेच मोडते.

संजीवक, म्हणजे मूळ फुटवणारे औषध, लावायचे असेल तर ते वरच्या कापाच्या कडेला लावा (प्रश्न ६). मुळे तिथूनच येतात, खालच्या कडेचा उपयोग नाही.

स्फॅग्नम शेवाळ आदल्या रात्री भिजत घालून ठेवलेले असावे. मूठभर घ्या आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत पिळा. जखमेभोवती ते असे गुंडाळा की वरची कड गोळ्याच्या मध्यावर येईल. त्यावर २० बाय २५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा दोन वेढे बसतील असा घट्ट लपेटा. जोड खालच्या बाजूला ठेवा. दोन्ही टोके सुतळीने बांधा. वरचे टोक जास्त घट्ट हवे, कारण फांदीवरून ओघळणारे पावसाचे पाणी तिथूनच आत शिरते. गोळा हाताने फिरवून पाहा. फिरत असेल तर सोडून पुन्हा बांधा, कारण हलणाऱ्या गोळ्यात कोवळी मुळे तुटतात.

५. सगळीकडून साल काढली तरी फांदी वाळत कशी नाही?

पाणी लाकडातून वर चढते, आणि लाकूड आपण तोडलेले नसते. पानांनी तयार केलेले अन्न मात्र सालीतून खाली उतरते. साल काढल्यावर ते वरच्या कापाशी अडते आणि त्याच्यासोबत शेंड्याकडून येणारे मूळ फुटवणारे संजीवकही तिथेच साठते. अन्न, संजीवक, ओल आणि अंधार एका जागी आले की तिथे मुळे फुटतात. हे एकदा समजले की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

६. संजीवक लावलंच पाहिजे का? घरी किती प्रमाणात बनवायचं?

जास्वंद, क्रोटन, रबर प्लांट आणि बहुतेक वेलींना गरज नाही. डाळिंब, पेरू आणि लिचीमध्ये फरक पडतो. मुळे लवकर आणि संख्येने जास्त येतात. इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, हे नेहमीचे संजीवक. डाळिंब आणि पेरूच्या गुटीला साधारण २५०० ते ५००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) वापरतात.

२५०० पीपीएमसाठी २५० मिलिग्रॅम आयबीए ५० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा आणि पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर करा. ते थेट पाण्यात नीट विरघळत नाही. इथेच बऱ्याच जणांचे औषध वाया जाते. द्रावण गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा, उजेडात त्याची ताकद जाते. चार-पाच गुट्यांसाठी एवढे करण्यापेक्षा बाजारातली तयार मूळसंवर्धक पावडर कोरड्या ब्रशने लावणे सोपे.

प्रमाण वाढवले म्हणजे मुळे वाढतील असे नाही. जास्त झाल्यास कापाची कड काळी पडून मरते.

मध, दालचिनी, कोरफड यांबद्दल रोज विचारणा होते. मधात मूळ फुटवणारे संजीवक नसते आणि मुंग्या मात्र नक्की येतात. दालचिनीची पूड बुरशीला थोडी आवरते, एवढेच. त्यापेक्षा चाकू स्पिरिटने पुसून घेणे अधिक कामाचे.

७. दोन महिने झाले, गुटीत मूळच नाही. काय चुकलं?

गोळा सोडून आत पाहा. आत जे दिसेल तेच कारण सांगते.

काढलेल्या सालीच्या जागी पुन्हा साल धरली असेल, तर तो बुळबुळीत थर पूर्ण निघालेला नव्हता, किंवा अंगठी एक सेंटिमीटरचीच काढली होती. झाडाने वरची आणि खालची साल जोडून घेतली. अन्न पुन्हा खाली वाहू लागले, आणि मूळ फुटायला कारणच उरले नाही. ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. फांदी जिवंत असते, त्यामुळे त्याच जागी पुन्हा रुंद अंगठी काढून नवे शेवाळ बांधता येते.

वरच्या कडेला पांढरट, दाणेदार फुगवटा असेल आणि मूळ नसेल, तर काम अर्धे झाले आहे. फुगवट्यावर नखाने हलकेच दोन-तीन ओरखडे काढा, संजीवक लावा, ताजे ओले शेवाळ घालून तीन-चार आठवडे थांबा. पेरूत असे वारंवार होते.

शेवाळ कोरडे आणि पिवळे पडले असेल तर वरची गाठ सैल होती किंवा पक्ष्यांनी, खारींनी प्लास्टिक फाडले. चकाकणाऱ्या प्लास्टिकला पक्षी चोच मारतात. वरून कागद किंवा सुती फडके गुंडाळले की ते थांबते आणि ऊनही लागत नाही.

काळे पडले असेल, आंबूस वास येत असेल, तर शेवाळ न पिळता बांधले होते किंवा आत पाणी साचत राहिले. ती फांदी जखमेच्या खालून कापून टाका.

मुंग्यांनी घर केले असेल तर शेवाळ बदला आणि खोडावर चिकट पट्टा लावा.

यांपैकी काहीच नसेल आणि पाने मात्र पिवळी पडली असतील, तर चाकू लाकडात खोल गेला होता.

८. शेवाळ मिळत नाही. त्याऐवजी काय चालेल?

कोकोपीट चालते, पण ते सैल असते, गुंडाळताना सांडते. ते छोट्या पिशवीत भरून, भिजवून, पिळून, पिशवीला उभी चीर द्यावी आणि ती चीर फांदीवर बसवून बांधावी. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घेतलेले असावे, कारण न धुतलेल्यात क्षार असतात. दोन भाग पोयटा माती आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत यांचा लाडूही चालतो. तो जड होतो, म्हणून फांदीला आधाराची काठी बांधावी. काळी माती नको. ती सुकली की आवळते, तडकते आणि मुळे तोडते. अर्धवट कुजलेले शेणखत तर अजिबात नको.

९. गुटी केव्हा बांधावी? उन्हाळ्यात चालेल का?

जून ते ऑगस्ट हा महाराष्ट्रात आणि गोव्यात हुकमी काळ. हवा दमट असते, झाड वाढीवर असते आणि साल सहज सुटते. साल लाकडाला चिकटून तुकड्या-तुकड्यांत निघत असेल, तर झाड विश्रांतीत आहे असे समजून थांबावे. कोकणात मुसळधार पावसाच्या आठवड्यात बांधू नये, उघडीप बघून बांधावी. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येही होते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात विदर्भ-मराठवाड्यात प्लास्टिकच्या आत शेवाळ अक्षरशः शिजते. थंडीत मुळे येतात, पण फार सावकाश.

१०. मुळं दिसायला लागली. लगेच उतरवू का?

नाही. पहिली मुळे पांढरी आणि ठिसूळ असतात. ती तपकिरी होऊ लागेपर्यंत, त्यांना बारीक उपमुळे फुटेपर्यंत आणि प्लास्टिकच्या कडेने ती वळलेली दिसेपर्यंत थांबा. डाळिंबाला साधारण ३० ते ४५ दिवस, पेरूला पाच-सहा आठवडे, लिंबू आणि लिचीला दोन महिने लागतात. पण दिवस मोजण्यापेक्षा मुळांचा रंग पाहावा.

उतरवताना आधी गोळ्याच्या खाली फांदी अर्ध्यापर्यंत कापा आणि आठ दिवस तशीच ठेवा. कलमाला स्वतःच्या मुळांवर जगायची सवय होते. मग सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, पूर्ण कापा. काप गोळ्याच्या अगदी लगत घ्या, खाली लांब खुंटी ठेवली तर ती कुजते. निम्मी पाने आणि कोवळा शेंडा काढा. प्लास्टिक काढा, पण शेवाळ ओढून काढायचा मोह टाळा, त्याच्यासोबत मुळे येतात. ते तसेच मातीत जाऊ द्या. थेट जमिनीत न लावता पोयटा माती, शेणखत आणि वाळू सारख्या भागाने भरलेल्या पिशवीत लावा. ५० टक्के शेडनेटखाली किंवा दाट झाडाच्या सावलीत सहा ते आठ आठवडे ठेवा. नवी पालवी येऊन पक्की झाली की मग जमिनीत.

११. उतरवल्यावर आठवड्यात पानं गळाली. मेलं का?

फांदीवर नखाने साल खरवडा. आत हिरवे असेल तर कलम जिवंत आहे. पाने टाकून ते पाण्याचा खर्च कमी करते आहे. पिशवीवर पारदर्शक प्लास्टिकची टोपी घाला, सावलीत ठेवा, माती ओलसर ठेवा पण चिखल करू नका, आणि खत अजिबात देऊ नका. पाने वाळूनही फांदीलाच चिकटून राहिली, तर लक्षण बरे नाही. हे टाळायचे उपाय प्रश्न १० मध्ये आहेत.

१२. शेजारच्या डाळिंब बागेत तेल्या आहे, पण ज्या झाडाची गुटी मिळते आहे ते स्वच्छ दिसतं. घ्यावी का?

घेऊ नये. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे, आणि नव्या भागात तो पोहोचण्याचा मोठा मार्ग म्हणजे रोगट बागेतली रोपे. लक्षणे दिसत नाहीत म्हणजे जिवाणू नाहीत असे नसते. मर रोगाचेही तेच, त्याची बुरशी जमिनीतून आणि मुळांतून येते. सांगोला, आटपाडी, सटाणा या पट्ट्यांत गुटीच्या स्वस्त रोपापायी पूर्ण लागवड काढून टाकण्याची वेळ शेतकऱ्यांवर आलेली आहे. हे दुःख टाळता येण्यासारखे आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो.

मातृबाग स्वतः पाहा, तीही पावसाळ्यात, कारण तेल्याचे डाग तेव्हाच उघड दिसतात. पाने, फांद्यांची पेरे आणि फळे तिन्ही तपासा. बागेत एकही मर लागलेले झाड नको. खात्री होत नसेल तर ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली, टिश्यू कल्चर) रोपे घ्यावीत. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून रोपांबद्दल सल्ला मिळतो. गुटी बांधताना दर झाडानंतर चाकू स्पिरिटमध्ये बुडवावा.

१३. एका झाडावर किती गुट्या बांधाव्यात?

झाडाच्या फांद्यांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. बहार धरलेल्या झाडावर बांधूच नयेत. गुटीचा आणि फळांचा दोन्ही भार झाडाला सोसत नाही, आणि वरच्या कापाशी जमायचे अन्न फळे ओढून घेतात.

१४. मोगऱ्याचं दाब कलम कसं करायचं?

जमिनीलगतची, वर्षभराची फांदी निवडा. शेंड्यापासून हातभर अंतरावर, पेराच्या खालच्या अंगाला, अडीच सेंटिमीटर लांबीचा तिरका काप अर्ध्या जाडीपर्यंत घ्या. सुटलेली जीभ मिटू नये म्हणून तिच्यात काडेपेटीची काडी अडकवा. पाच-सहा सेंटिमीटर खोल चर काढून कापलेला भाग त्यात दाबा. तारेच्या आकड्याने अडकवा, वर माती आणि मातीवर वीट ठेवा. विटेखाली ओल टिकते. शेंडा २० ते ३० सेंटिमीटर बाहेर ठेवून काठीला उभा बांधा. दोन-अडीच महिन्यांत मुळे येतात. वेगळे करताना गुटीसारखेच दोन टप्प्यांत कापावे.

जमीन नसेल तर शेजारी मातीची कुंडी ठेवून तिच्यात फांदी दाबावी. नंतर रोप उपटावे लागत नाही, हा आणखी फायदा. जाई-जुईसारख्या लांब वेलीत एकच फांदी नागमोडी नेऊन एक पेर मातीत, एक बाहेर, असे तीन-चार ठिकाणी दाबता येते. बाहेरच्या प्रत्येक भागावर निदान एक डोळा हवा, नाहीतर मुळे असून वाढ होत नाही.

पानमळ्यात नागवेल आधाराच्या टोकाला पोहोचली की वेल उतरवतात आणि बुडाचा भाग मातीत पुरतात, तेही दाब कलमच. पुरलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा तरणी होते.

१५. मिरीचा वेल लावला, पण तो वर चढतच नाही. झुडपासारखा पसरतो. जात खराब आहे का?

जात ठीक आहे, फांदी चुकीची घेतली. मिरीच्या वेलीवर फांद्यांचे प्रकार असतात. बुडाशी जमिनीवर धावणाऱ्या आणि खोडावर मुळांनी चिकटून चढणाऱ्या फांद्यांपासून चढणारी वेल होते. आडव्या वाढणाऱ्या, घोस धरणाऱ्या फांदीचे कलम केले की ते आयुष्यभर आडवेच वाढते. कुंडीतल्या झुडपी मिरीसाठी मुद्दाम तशीच फांदी घेतात, त्यामुळे तुमचे रोप फेकू नका, कुंडीत लावा. पोफळीवर चढवायला धावत्या फांद्या घ्या. त्या जमिनीत मुळे धरू नयेत म्हणून बुडाशी काठीवर गुंडाळून ठेवाव्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन पेरांचे तुकडे करून पिशवीत लावावेत.

कोकम आणि जायफळाच्या कलमांतही हेच घडते. आडव्या फांदीचे कलम पसरते, उभ्या फांदीचे सरळ जाते.

१६. केळीचा कोणता मुनवा घ्यावा?

मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे पिल्लू. त्यांतला तलवारी मुनवा घ्यावा. पाने अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी, आणि बुंधा गाजरासारखा वर निमुळता, खाली जाड. वजन ५०० ते ७५० ग्रॅम, वय दोन-तीन महिने. रुंद पानांचा पाणमुनवा दिसायला टवटवीत असतो, पण त्याचा कंद लहान असतो आणि आईशी जोड कमकुवत. घड लहान मिळतो. पहारीने आईच्या कंदापासून तोडावा, ओढून काढू नये. मुळे आणि काळे भाग छाटून, लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डॅझिमच्या द्रावणात अर्धा तास बुडवून लावावा. पर्णगुच्छ (बंची टॉप) किंवा सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) हे विषाणूजन्य रोग असलेल्या बागेतला मुनवा कितीही तालेवार दिसला तरी नको. विषाणू बुडवून धुतला जात नाही.

१७. हळद, आलं आणि सुरणाचं बेणं कसं निवडू?

हळदीला जेठे गड्डे, म्हणजे मधले मुख्य कंद, उत्तम, ५० ग्रॅमच्या वरचे, डोळे फुगलेले. हेक्टरी साधारण २५ क्विंटल लागतात. काढणीनंतर दोन-अडीच महिने सावलीत ठेवल्याशिवाय ते उगवत नाहीत. आल्याचे तुकडे एक-दोन डोळ्यांचे, २५ ते ५० ग्रॅमचे करावेत. सुरणाचा मुख्य कोंब गड्ड्याच्या माथ्यावर मधोमध असतो. म्हणून केक कापतात तसे उभे काप घ्यावेत, प्रत्येक तुकड्याला माथ्याचा वाटा आलाच पाहिजे. आडवा कापलेला खालचा भाग उगवायला फार अवघड. कापलेले तुकडे राखेत किंवा बुरशीनाशकात घोळून दोन दिवस सावलीत सुकवावेत.

१८. स्ट्रॉबेरीचे धागे कुंडीतून बाहेर लोंबतात. त्यांचं काय करू?

तेच नवे रोप. दिवस मोठे आणि हवा उबदार असली की स्ट्रॉबेरी धागे सोडते, दिवस लहान होऊन थंडी आली की फुलते. धाग्याच्या एकाआड एक पेरावर रोप तयार होते. ते पेर लहान कुंडीतल्या मातीवर टेकवून तारेच्या आकड्याने धरा आणि तीन-चार आठवड्यांनी धागा कापा. आईच्या सर्वांत जवळची एक-दोन रोपे सर्वांत जोमदार. ज्या झाडापासून रोपे घ्यायची त्याची फुले खुडावीत. महाबळेश्वर-पाचगणीच्या लागवडीसाठीही मातृरोपांच्या धाग्यांपासूनच रोपे तयार करतात. लावताना रोपाचा गाभा मातीच्या पातळीवर ठेवावा. गाडला गेला तर कुजतो.

१९. नीरफणसाला बीच नसतं. मग रोपं येतात कुठून?

मुळांपासून. नीरफणसाची मुळे जमिनीलगत पसरतात आणि जखम झाली की तिथून फुटवा येतो. पावसाच्या तोंडाशी बोटभर जाडीचे मूळ उघडे करून त्यावर वरच्या अंगाला छोटी खाच द्यावी आणि पातळ मातीने झाकावे. फुटवा वीतभर झाला की त्याच्या दोन्ही बाजूंनी मूळ कापून एक-दीड महिना तिथेच ठेवावा. त्याला स्वतःची बारीक मुळे आली की उचलावा. १५ ते २० सेंटिमीटरचे मुळाचे तुकडे वाळूत आडवे पुरूनही फुटतात, पण वेळ लागतो. कढीपत्ता आणि बेल यांचे बुडाशी येणारे फुटवेही असेच काढतात. घाई करून उपटले की हातात नुसती काडी येते.

कारांद्याच्या वेलीवर पानांच्या बेचक्यात लागणारे कंद आणि पानफुटीच्या पानांच्या कडेची रोपे यांना तर एवढेही करावे लागत नाही.

२०. लिंबाची गुटी चांगली की बियांचं रोप? संत्र्याचं काय?

बागेसाठी कागदी लिंबाचे बियांचे रोप बरे. लिंबाच्या एका बीतून बहुधा एकाहून अधिक रोपे येतात, त्यांतली बरीच आईच्याच पेशींतून वाढलेली, म्हणजे आईसारखीच असतात. प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या नियमाला हा अपवाद. शिवाय ट्रिस्टेझा विषाणू बियांतून जात नाही, गुटीतून जातो. गच्चीवरच्या कुंडीत मात्र गुटी सोयीची, लवकर फळते आणि बुटकी राहते.

नागपुरी संत्र्यालाही गुटी धरते, पण लावू नये. संत्र्याची स्वतःची मुळे डिंक्या रोगापुढे टिकत नाहीत. म्हणून जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे बसवतात. मूळ येते म्हणजे ते मूळ तुमच्या जमिनीत टिकेल, असा अर्थ होत नाही.

२१. हापूसला गुटी बांधली तर? आणि नारळाला?

आंब्याला संजीवक लावून काही वेळा मुळे येतात, पण ती थोडी असतात आणि कलमे पुढे मोठ्या प्रमाणात मरतात. आंब्याला कोय कलम (कोयीच्या कोवळ्या रोपावर) किंवा मृदुकाष्ठ कलमच (रोपाच्या कोवळ्या फुटीवर) करावे. नारळ, पोफळीला गुटी शक्यच नाही. त्यांच्या खोडात सालीखालचा वाढीचा थरच (प्रश्न ४ मधला बुळबुळीत थर) नसतो आणि शेंडाही एकच असतो. तो कापला की झाड संपले.

२२. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं. वादळात पडेल का?

बियांच्या झाडाच्या तुलनेत धोका जास्त, विशेषतः पहिली तीन-चार वर्षे. कलम लावताना दोन काठ्यांचा आधार द्यावा. पाणी खोडाशी रोज थोडे-थोडे न देता, खोडापासून लांब आणि खोलवर द्यावे, म्हणजे मुळे पसरतात. पहिल्या वर्षी आलेली फुले खुडावीत, कारण गुटीचे झाड फार लवकर फुलते आणि फळांचा भार पेलायची ताकद मुळांत नसते. खूप वाऱ्याच्या जागी, मुरमाड उथळ जमिनीत, खुंटावरचे कलम अधिक भरवशाचे.

२३. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं, तर आलेलं रोप पूर्ण हिरवं. का?

पिवळी कड आणि हिरवा गाभा हे पानातले वेगवेगळे थर असतात. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब बहुधा आतल्या हिरव्या थरातून फुटतो, त्यामुळे कड हरवते. कड हवी असेल तर बुडाच्या कंदाची फोड करूनच रोप वेगळे करावे. गुटी आणि दाब कलमात तयार डोळा जसाच्या तसा राहतो, म्हणून चट्ट्यापट्ट्याचे क्रोटन, बोगनवेल त्या पद्धतीने सारखेच येतात.

२४. घरी केलेली कलमं विकता येतील का?

मित्रांना, नातेवाइकांना द्यायला अडचण नाही. फळझाडांची कलमे व्यवसाय म्हणून विकायची, तर महाराष्ट्रात १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

२५. जुना वाडा पाडतोय. अंगणातला पेरू आजोबांनी लावलेला. पंधरा दिवसांत गुटी होईल का?

पंधरा दिवसांत होणार नाही. घराचे काम दोन महिने लांबवता आले, तर आजच जमतील तेवढ्या गुट्या बांधा, एकीवर विसंबू नका. जुन्या झाडावर योग्य फांद्या शेंड्याकडे, उन्हात मिळतात.

वेळ नसेलच तर झाडाच्या काड्या वाचवा. पेन्सिलीएवढ्या, तीन-चार महिन्यांच्या, डोळे फुगलेल्या पण न फुटलेल्या काड्या सकाळी कापा. पाने काढा, देठाचा तुकडा राहू द्या. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत ठेवल्या तर चार-पाच दिवस टिकतात. लगेच रोपवाटिकेत नेऊन पेरूच्या रोपांवर पाचर कलम (काडीला पाचरीचा आकार देऊन रोपाच्या चिरेत बसवणे) करून घ्या. पाच सांगू नका, पंधरा-वीस सांगा, त्यांतली काही तरी लागतील. त्याच अंगणात डाळिंब असेल तर त्याचे पक्व काड्यांचे छाट, मोगऱ्याचे छाट आणि कढीपत्त्याचे मुळासकट फुटवे त्याच दिवशी काढून घ्या. झाड पाडल्यानंतर दुसऱ्या दिवशी गोळा केलेल्या फांद्यांवर अवलंबून राहू नका. उन्हात पडलेली काडी काही तासांतच सुकते.